बीचवाले जवाईबापू

आमच्या तांड्यापासून समुद्र किती लांब आहे हे मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं आहे. पश्चिमेला सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर, आग्नेयेलाही जवळपास तेवढाच. समुद्रापासून दूर राहायचं ठरवलं तर बाभुळगाव तालुक्याहून चांगली जागा सहसा सापडणार नाही. अशा ठिकाणी एक गृहस्थ भर उन्हाळ्यात पोपट छापलेली अर्धी चड्डी घालून, काळा चष्मा लावून, अनवाणी हिंडत आणि भेटेल त्याला "वापिन" म्हणत. वापिन म्हणजे काय चाललंय; ते जिथे राहून आले तिथल्या लोकांचा तो राम राम. चौथ्या घरापर्यंत पोचेस्तोवर डांबरानं त्यांचे तळवे भाजत. मग लिंबाची सावली गाठून ते एका पायावर उभे राहत आणि म्हणत, "मले रेतीत चालाची सवय हाये न."

हे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. तांडा त्यांना बीचवाला म्हणे. मी जवाईबापू म्हणत असे, कारण आमच्यात जावयाचा मान ठेवायचा असतो, जावई कसाही असो.

जवाईबापू नऊ वर्षं बाहेर होते. पहिली तीन वर्षं एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात, उरलेली सहा कोस्टा रिका नावाच्या देशात, लिमोन जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका गावात. दोन अमेरिकांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत हा देश आहे; मी मुलीच्या ॲटलासात पाहून घेतला. जहाजावरचा करार लिमोन बंदरात संपला. तिथून घरी यायचं सोडून हे गृहस्थ किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला गेले आणि तिथेच राहिले. तिथे आपण बीच मॅनेजर होतो असं ते सांगत. मला पदाचं नाव कळलं की काम विचारायची सवय आहे.

"मॅनेजर म्हंजे काय करा लागे?"

"सकाळी पाचाले बीच पाहाचा."

"पाहून मंग?"

"समुद्रातलं शेवाळ आलं असंन तं काढाचं."

"कायनं?"

"दाताळ्यानं," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

म्हणजे सहा वर्षं त्यांनी समुद्राचं अंगण झाडलं. झाडण्यात कमीपणा नाही. मी स्वतः पाटबंधारे खात्यात आहे आणि माझं काम काय, तर तलावाच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवरून रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची आणि नोंदवहीत लिहायची. ते मी कोणालाही तसंच सांगतो. झाडणाऱ्यानं झाडतो म्हणावं, एवढंच.

तिकडच्या गोष्टी मात्र त्यांना सांगता येत. लिमोनच्या किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाचे लोक, घरात एका वेगळ्याच वळणाची इंग्रजी आणि बाजारात स्पॅनिश बोलणारे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांचे आजे क्रिकेट खेळत, हे ऐकून तांड्यातली माणसं सरसावून बसली. रविवारी घरोघर नारळाच्या दुधात शिजवलेला भात. जवाईबापू ज्यांच्या घरी भाड्यानं राहत त्या बाईंचं नाव मिस डॅफ्नी. तिकडे मोठ्या बाईला नावाआधी मिस लावल्याशिवाय हाक मारत नाहीत. जवाईबापू नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर बसून सांगत, "मिस डॅफ्नी बजारातून आली का मी पयत जाऊन तिची टोपली घेत होतो. पाह्यलं नाई जात बाईमाणसाचं वझं." हे ते सांगत असताना एकदा सुमन डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तलावाच्या काठावरून वर आली. वाट अरुंद. जवाईबापूंनी तिला जायला जागा व्हावी म्हणून पाय आखडून घेतले आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.

एका रविवारी त्यांनी आमच्या घरी तो भात केला. नारळ मारुतीच्या देवळातून मागून आणलेले, सात. राजमा आदल्या रात्री भिजत घातलेला. तिकडच्या पाल्याऐवजी ओव्याची पानं. वर एक सबंध मिरची ठेवायची आणि ती फुटू द्यायची नाही. माझ्या बायकोला ते चुलीजवळ येऊ देईनात. "वहिनी, मिरची फुटली का मिस डॅफ्नी भात बकऱ्याईले टाके." मिरची फुटली नाही. मी दोनदा घेतला. नोंद खरी ठेवायची तर हेही लिहायला हवं.

आणखी एक गोष्ट खरी ठेवायला हवी. ते सांगत की त्या लोकांचे पूर्वज जमैका बेटावरून रेल्वेचे रूळ टाकायला आणलेले. रूळ झाले, मग केळीच्या बागांत लावले. आमचे पूर्वज बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहून नेत. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. जवाईबापू ओट्यावर जरा थांबून म्हणत, "त्याईले रेल्वेनं आणलं, आपल्याले रेल्वेनं बसोलं." म्हातारी माणसं मान खाली घालत. मी हे वाक्य अकरा वेळा ऐकलं, अकराही वेळा ते त्याच ठिकाणी थांबले. तरी वाक्य खरं आहे.

आता सुमनच्या तुकड्याबद्दल. हिवाळ्यात तलावाचं पाणी उतरतं आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तलावानं उठवलेल्या घरांना ती एकेका सालासाठी कसायला मिळते. तिला गाळपेर म्हणतात. आमच्या तांड्यात वाटप नायक करतो, आणि रिवाज एकच आहे: ज्यानं गेल्या साली पीक काढलं त्याचा तुकडा यंदा कायम, ज्यानं काढलं नाही त्याचा दुसऱ्याला. कारणं ऐकत नाहीत. सुमनकडे पाऊण एकर. पाणी हटलं की ती अनवाणी आत जाते. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर थांबायचं, घोट्यापर्यंत रुतला तर टरबुजाचं बी टोचायचं, नुसता तळवा उमटला तर उशीर झाला. नवरा लिमोनला शेवाळ गोळा करत होता तेव्हा दोन मुलींचं जेवण, शाळा आणि घरावरचे पत्रे या पाऊण एकरातून निघाले.

जवाईबापू दिवाळीनंतर परत आले. तलाव भरून जुना तांडा बुडाला ते साल, तांडा वर आला ते साल, त्यानंतरची सगळी सालं ते बाहेर होते. मार्चमध्ये पाणी आणखी खाली गेलं आणि त्यांना उतरता काठ दिसला. सुमनच्या तुकड्याचा उतार सगळ्यांत मंद. त्यांनी पावलं टाकत तो मापला आणि नायकाच्या ओट्यावर जाहीर केलं की इथे कॅरिबियन बीच होणार.

वेल तेव्हा पसरलेले होते, फळ मुठीएवढं. सुमन म्हणाली, "चार हप्ते थांबा. माल निघून जाऊ द्या."

"चार हप्त्यानं सीजन निंघून जाते," ते म्हणाले.

शेवाळ झाडणाऱ्याला सीजन कळला होता. सुमन माझ्याकडे आली. ती सहसा कोणाकडे जात नाही. "भिया, तुमी सांगा त्याईले. आकडे दाखवा."

मी नोंदवही काखेत मारून गेलो. जवाईबापू बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"जवाईबापू, हे सहा सालाचे आकडे हायेत. आगस्टात तुमी बसले तिथं दोन पुरुष पाणी राह्यते."

"दादा, तुमी पाणी वाचता. मी पाण्यासंगं राह्यलो," ते म्हणाले. "लिमोनले भरती येते, हातभर. येते अन् जाते. पाव्हण्यानं फक्त टावेल उचलाचा."

"हे जात नाई."

"सगळं पाणी जाते, दादा."

वही त्यांनी उघडून पाहिली नाही. मला राग कोणत्या गोष्टीचा आला हे मी नीट तपासलं आहे. माझं ऐकलं नाही म्हणून नाही. तांड्यातली प्रत्येक शेळी जाणते की हे पाणी एकदा चढलं की हिवाळ्यापर्यंत उतरत नाही. हा माणूस एकटा तलावाला समुद्र समजत होता आणि त्याबद्दल आम्हाला अडाणी समजत होता.

रेतीचे अडतीस टिप्पर आले. पसरल्यावर थर सरासरी चार इंचांचा झाला. पहिला टिप्पर उलटायच्या आधी सुमननं फळं तोडून घेतली, सहाशे चाळीस, सगळी पांढरी, आणि शेळ्यांपुढे टाकली. ती रडली नाही, भांडली नाही. मी भांडलो असतो, पण तिनं हातानं मला मागे सारलं. "तमाशा नोका करू. पोरी पाहून राह्यल्या."

बीच चालला, हे सांगायला मला आवडत नाही. भाजीबाजारातल्या छत्र्या, प्लास्टिकची दोन नारळाची झाडं, एक भोंगा. पहिल्या रविवारी त्रेसष्ट माणसं आली, पाचव्या रविवारी दोनशेच्या वर. नेरहून, बाभुळगावहून, यवतमाळहून. पोरं रेतीत लोळली, जोडप्यांनी फोटो काढले. जवाईबापू पोपटाच्या चड्डीत सगळ्यांना वापिन म्हणत फिरले. त्यांना हवं होतं की तांड्यातल्या बायांनी जुने आरशांचे घागरे घालून नारळपाणी द्यावं. "लांबून तिकडच्या बायाईसारख्याच दिसते आपल्या बाया."

नायकाची बायको म्हणाली, "मंग लांबूनच पाहा म्हना त्याईले."

एकही बाई गेली नाही. मग त्यांनी स्वतःच भोंग्यावरून तिकडच्या लोकांची माहिती द्यायला सुरुवात केली. मी काठावर उभा राहून ऐकली. "लिमोनचे लोक काई काम करत नाईत. खाते, पिते, नाचते. तसंच आपल्याले आज कराचं हाये."

संध्याकाळी मी त्यांना विचारलं. "तुमी तं सांगत होते, त्याईच्या आज्याईनं रूळ टाकले, केळी काढली. मिस डॅफ्नी पाचाले उठून खोबरं किसत होती. ते काहून नाई सांगतलं?"

"गिऱ्हाइकाले ते नाई पायजे, दादा."

सहा वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिच्या माणसांना त्यांनी दोनशे लोकांपुढे आळशी ठरवलं, आणि तेही भोंग्यावरून. मी आयुष्यात फार माणसांचा तिरस्कार केलेला नाही. तेवढा वेळ नसतो. त्या संध्याकाळी केला.

जुलैत वरच्या अंगाला पाऊस लागला आणि पाणी चढायला लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी लोकांना सांगितलं की भरती आहे. दुसऱ्या दिवशी खुर्ची दहा पावलं मागे घेतली. माझ्या वहीत अकरा दिवसांचे आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्यापुढे मी खुर्चीची जागाही लिहिली आहे. खात्याला तिचा उपयोग नाही, पण लिहिली. अकरा दिवसांत खुर्ची सहा वेळा मागे गेली. ते तिच्यात बसून पाण्याकडे पाहत, जसं कोणी बस येईल म्हणून पाहतं. चौथ्या दिवशी छत्र्यांची टोकं राहिली. सातव्या दिवशी नारळाचं एक झाड सुटून भिंतीकडे तरंगत गेलं. नायक रोज येऊन विचारी, "उतरलं का जी?" आणि उत्तर न ऐकता पुढे जाई. बाराव्या दिवशी जवाईबापूंनी खुर्ची घरी आणली.

ऑगस्टमध्ये त्यांनी गोव्याला जायचं ठरवलं. नेरच्या बसस्टँडपर्यंत मी त्यांना मोटारसायकलवर सोडलं. त्या दिवशी त्यांनी फुलपँट घातली होती. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "पानी कवा उतरंन?"

"डिसेंबरच्या दुसऱ्या हप्त्यात."

"तवरोक मी काय करू अठी?"

करण्यासारखं पुष्कळ होतं. सुमन त्या महिन्यात दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदायला जात होती. ते आपणहून बोलले, खाली पाहून.

"दादा, तांडा बुडाला तवा फोन आलता सुमनचा. मी बंदरावर होतो. तिकीट हातात होतं. मी म्हटलं, आता कोन्त्या घरी जाऊ. घर तं पान्यात गेलं. मंग नाईच आलो."

बस लागली. ते चढले, खिडकीतून हात केला, वापिन म्हणाले नाहीत. परतताना मला त्यांची कीव आली हे खरं आहे, साधारण बाभुळगावचा फाटा येईपर्यंत. मग आठवलं की तेव्हा सुमनलाही घर नव्हतं. दोन पोरी पाठीशी घेऊन तिनं जुन्या घराची सागवानी चौकट पहारीनं काढली, बैलगाडीत घातली, आणि वर आणून दगडांच्या आधारानं उभी केली. भिंती नंतर आल्या. तिला कोणत्या घरी जाऊ हा प्रश्न पडला नव्हता.

डिसेंबरात पाणी उतरलं. रेती कुठेही गेलेली नव्हती. पाण्यानं ती सपाट करून वर दोन बोटं नवा गाळ चढवला होता. वाटपाच्या सकाळी सगळा तांडा नायकाच्या ओट्यासमोर बसला. नायकानं सुमनचं नाव घेतलं.

"सुमनबाई, तुया नावावर गेल्या साली पीक नाई."

"पेरलं होतं, नायकबापू. फळ धरलं होतं."

"काढलं का?"

"काढलं. बकऱ्याईनं खाल्लं."

लोक हसले. नायक हसला नाही. "नवऱ्याची चूक, मले समजते. पण रिवाज तोडला तं उद्या सगळ्याईच्याच नवऱ्याच्या चुका निंघतीन." मग त्यानं लोकांकडे पाहून विचारलं, "कोनाले पायजे हा तुकडा?"

एकही हात वर झाला नाही. शेजारच्या तुकड्याचा मालक म्हणाला, "रेती कोन पेरंन, बापू?"

नायकानं काठाकडे पाहिलं. "मंग राहू दे तुयाचकडं. पन यंदाबी नाई निंघालं तं तुले त्या आंगचा मुरमाड तुकडा घ्या लागंन." त्या अंगाच्या मुरमात कुसळसुद्धा उगवत नाही. सुमननं मान हलवली.

मी रात्रीतून हिशेब करून गेलो. तीनशे घनमीटरच्या वर रेती; घमेल्यानं उचलायची तर पंधरा हजारांच्या पुढे खेपा. दहा बाया लावल्या आणि तिनं माझं ऐकलं तर बारा-तेरा दिवस. सुमन तुकड्यात उकिडवी बसून हात कोपरापर्यंत आत घालत होती. तिनं माझा कागद ऐकून घेतला.

"हिशेब बरोबर हाये, भिया. पन मी नाई उचलत."

"काहून?"

"वरतून गाळ, मंधात रेती, खालतं गाळ. नदीच्या रेतीत लोक टरबूज लावतेच न." तिनं हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. "पाहा, पानी धरून हाये. अन् घोट्याएवढंच रुतून राह्यलं."

मी तिला सांगितलं की अंदाजावर तुकडा लावू नको. सात सालाच्या आकड्यांत रेती कुठेच नाही. ती म्हणाली, "तुमच्या वहीत नाई, म्हनून तं मले पेरून पाहा लागते." तिनं आणि मुलींनी कुदळीनं आळी खणली, रेती आणि गाळ कालवला, आणि डिसेंबर संपायच्या आत बी टोचलं.

इतर सालांत मार्चच्या सुरुवातीला गाळ भेगाळतो, मुळं उघडी पडतात, आणि बाया घागरीनं पाणी वाहतात. यंदा शेजारच्या तुकड्यांना भेगा पडल्या, सुमनच्या तुकड्याला पडल्या नाहीत. एरवी तिच्याकडे सातशे-साडेसातशे फळं निघत. यंदा मी स्वतः उभा राहून मोजली, दोन वेळा, कारण पहिल्या मोजणीवर माझा विश्वास बसला नाही. एक हजार एकशे सव्वीस. मी सांगितल्याप्रमाणे रेती उचलली असती तर हा आकडा आला नसता. माझी चूक मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.

जवाईबापूंचा गुण मात्र मी कुठेही लिहिलेला नाही, कारण तो नव्हताच. रेती टाकणाऱ्यानं टरबुजासाठी टाकली नव्हती. पण तांड्याला हे कोण समजावणार? ज्या लोकांनी एक साल त्या माणसाची चेष्टा केली तेच आता म्हणतात, "कसाबी असो, डोकं होतं बीचवाल्याले." शेजारच्या तुकड्याचा मालक मला दोनदा विचारून गेला की जवाईबापू रेतीचे टिप्पर कुठून आणत होते. नायकाची बायको लग्नात भेटलेल्या पाहुण्यांना लिमोनचं नाव सांगते, जणू ती स्वतः तिथे जाऊन आली.

ते गोव्याला कोणत्यातरी हॉटेलात आहेत. मॅनेजर, असं म्हणतात. रविवारी फोन करतात आणि फोन फिरवून समुद्र दाखवतात. सुमन तो पाहते आणि म्हणते, "हो, चांगला हाये." मग ते विचारतात की बीचचं काय झालं, रेती राहिली का वाहून गेली. ती सांगते, पोरी बऱ्या आहेत, छोटीला चष्मा लागला, आणि फोन ठेवते.

माल निघाल्यावर नायक स्वतः काठावर आला. ढीग पाहून त्यानं तुकडा सुमनच्या नावावर कायम केला आणि जाता जाता विचारलं, "नवऱ्याले कळोलं का, त्याच्या रेतीनं एवढं पिकलं म्हनून?"

सुमन फळं टोपलीत भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाई," ती म्हणाली. "कळोलं तं येतीन ते."